दुसरं बटण

गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती, तरी आरशाखालची ती तीन बारीक बटणं कशाची, हे विजयमालानं कधी विचारलं नव्हतं. गाडी नवी घेतली तेव्हा शोरूमच्या पोरानं सगळं भराभर सांगितलं होतं, त्यातलं तिच्या लक्षात फक्त एसी आणि मागचा कॅमेरा राहिला होता.

आता राहात्याच्या बंगल्याला मोटरवर चालणारं शटर बसलं, म्हणून ती बटणं आठवली. आठवली म्हणजे निकिताला. लोणीच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली निकिता सकाळीच गाडीचं पुस्तक घेऊन पुढच्या सीटवर बसली.

"आई, वेगळा रिमोट सांभाळायची गरजच नाही. हा रिमोट आरशाजवळ धरायचा, रिमोटवरचं आणि गाडीतलं बटण एकदम दाबायचं. दिवा भराभर लुकलुकला की गाडी शिकली. मग आत मोटरवरचं बटण दाबून यायचं आणि लगेच गाडीतलं दाबायचं. झालं."

"मग दाब की."

विजयमाला आत शटरच्या मोटरखाली स्टुलावर उभी राहिली. निकितानं हाक मारली की मोटरवरचं बटण दाबायचं, एवढंच तिचं काम. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा शटर घरघरत खाली आलं आणि निकिता गाडीत बसून हसायला लागली.

"पहिलं बटण घराचं. आता ही दोन मोकळी." असं म्हणत तिनं सहज तिसरं दाबलं. दिवा नारिंगी, सावकाश लुकलुकला. मग दुसरं दाबलं. दिवा हिरवा लागला आणि तसाच राहिला.

"हे मोकळं नाहीये," निकिता म्हणाली.

"म्हणजे?"

"हे आधीच कुठल्यातरी दाराला जोडलेलं आहे. पुस्तकात बघ, मोकळं असलं तर नारिंगी, शिकवलेलं असलं तर हिरवं."

विजयमालानं पुस्तक वाचलं नाही. तिनं पुन्हा बटण दाबून पाहिलं. हिरवा दिवा लागला. घराचं शटर जागचं हललं नाही.

दुपारी भागवत मार्केटमधून जेवायला आला. पेरूच्या बागा घ्यायच्या आणि माल बाहेर पाठवायचा, हा त्याचा धंदा. माणूस मोकळा, बडबड्या. ताटावर बसता बसता निकितानं त्याला सांगितलं. तो भात कालवत होता, त्याचा हात थांबला.

"शोरूमवाल्यांनी टेस्टिंगला केलं असेल," तो म्हणाला.

"शोरूमला काचेचं दार आहे, पप्पा. ढकलायचं."

"मग कंपनीत झालं असेल. मला काय माहीत?"

"पुसून टाकते. पहिलं आणि तिसरं एकदम दाबून धरलं की सगळी पुसली जातात. मग घराचं परत शिकवू."

"राहू दे," भागवत म्हणाला. "चाललंय ते बिघडवू नका. आणि त्या बटणाशी खेळत बसू नका."

एवढं बोलून तो जेवायला लागला. एरवी भाजी कशी झाली हे सांगितल्याशिवाय न उठणारा माणूस त्या दिवशी मुकाट्यानं हात धुवायला गेला. विजयमाला त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

त्यानंतर तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. कोपरगावला क्रेट आणायला जातो म्हणून भागवत गाडी घेऊन जायचा. पण क्रेट आणायला पिकअप होती. चांगल्या गाडीत कुणी क्रेट भरतं का? येताना गाडी रिकामीच असायची. फोन आला की तो ओट्यावर जाऊन बोलायचा. बोलणं अगदी थोडं. "जेवण झालं का? बरं. येतो." एवढंच तिनं एकदा खिडकीतून ऐकलं होतं, आणि तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं.

एका सकाळी तिनं गाडी झाडायला काढली. ड्रायव्हरच्या सीटमागे औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी होती. पिशवीवर दुकानाचं नाव, खाली 'पुणतांबा'. आत बेबी पावडरचे दोन मोठे डबे आणि ओल्या टिश्यूची पाकिटं.

ती तशीच सीटवर बसली. घरात तान्हं मूल नव्हतं. नात्यातही नव्हतं.

भागवत अंघोळ करून आला तेव्हा तिनं पिशवी होती तिथं ठेवून दिली होती.

"परवा पुणतांब्याला गेला होता का?" तिनं चहा देताना विचारलं.

"नाही गं. कोपरगावला. का?"

"काही नाही. कुणीतरी गाडी बघितली म्हणालं."

"तसल्या गाड्या काय कमी आहेत?" तो म्हणाला आणि हसला. ते हसणं रोजच्यासारखंच होतं. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

ती कुणाजवळ बोलली नाही. निकिताला तर नाहीच. त्या बाईचं वय काय असेल, मूल मुलगा असेल की मुलगी, भागवत त्याला काय म्हणत असेल, असलं सगळं तिच्या डोक्यात भाकरी थापतानाही चालायचं. एकदा भाकरी तव्यावरच करपली आणि भागवतच उठून आला, त्यानं ती उलटली आणि विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "बरं आहे."

पुढच्या आठवड्यात भागवतला वजनकाट्यावर दिवसभर थांबायचं होतं. विजयमालानं गाडीची किल्ली मागितली.

"साकुरीला ताईकडे जाऊन येते."

"रिक्षानं जा की. जवळ तर आहे."

"गाडी कशाला शिकवलीत मग मला?"

त्यानं किल्ली दिली.

साकुरीचा रस्ता सोडून ती पुणतांब्याच्या वाटेला लागली. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे मागे जावं लागलं, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ओव्हरटेकला जागा नाही. तिला त्याचं बरंच वाटलं. उशीर झाला तर झाला. दार उघडल्यावर काय बोलायचं ते ठरत नव्हतं. आधी त्या बाईचं नाव विचारायचं, की नावच विचारायचं नाही?

गावात शिरल्यावर तिनं गाडी अगदी हळू घेतली आणि दुसरं बटण दाबायला सुरुवात केली. बटण लांबून चालत नाही, दार समोर असावं लागतं, हे निकितानं सांगितलेलं. स्टेशनच्या रस्त्यानं गेली. बाजारपेठेतून गेली. एकदा वाटलं हललं, तर तो दुकानदार हातानं शटर ओढत होता. चांगदेवांच्या मंदिराकडे वळली, तिथून गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्लीत गेली आणि परत फिरली. एक म्हातारा पारावरून तिची गाडी दोनदा गेलेली बघत होता. तिला लाज वाटायला लागली. आपण भर दुपारी नवऱ्याचं दुसरं घर शोधतोय आणि सापडलं नाही तर बरं होईल असंही वाटतंय, हे तिचं तिलाच कळत होतं.

गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर गाळ्यांची एक ओळ होती. खताचं दुकान, एक बंद पडलेली पिठाची गिरणी आणि शेवटी निळ्या शटरचा गाळा. तिनं बटण दाबलं.

निळं शटर घरघरलं.

ते सावकाश वर चढत होतं. आधी फरशी दिसली, पुसलेली. मग बाईची पावलं आणि हिरव्या लुगड्याचा काठ. विजयमालानं स्टिअरिंग घट्ट धरलं. मग एक प्लास्टिकची बादली, आणि मग खाटेचे पाय.

शटर पूर्ण वर गेलं तेव्हा हिरव्या लुगड्यातली म्हातारी वाटी-चमचा हातात घेऊन दाराकडे बघत होती.

"या अण्णा," ती म्हणाली आणि गाडीतून बाई उतरलेली पाहून तिनं वाटी खाली ठेवली.

विजयमाला उंबरठ्याशी आली. आत पंखा फिरत होता. खाटेवर एक माणूस पडला होता, दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात छातीवर ठेवून दिल्यासारखा. डोळे मात्र तिनं लगेच ओळखले. तो भागवतचा थोरला भाऊ कानिफनाथ होता.

"तुमी कोन म्हनायच्या?" म्हातारीनं विचारलं.

"भागवतरावांची बायको."

"म्हंजी घरच्याच की. मी बनुबाई. अण्णांनी ठेवलीय मला, ह्यांचं बघाया. झटका आला तवापासून उठाया येत न्हाई ह्यांना. पावडर संपलीय, मागल्या खेपंला अण्णांच्या गाडीतच ऱ्हायली, आनली का? पाठ सोलून निघलीय."

विजयमालाला पिशवी गाडीतच असल्याचं आठवलं.

बनुबाई आपणहून सांगत राहिली. कानिफनाथाची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. भागवतनं हा गाळा भाड्यानं घेतला. शटर जड, बनुबाईला उचलेना, म्हणून त्याला मोटर लावून दिली. एक रिमोट तिच्याकडे, एक कानिफनाथाच्या उशाला; स्वतःसाठी त्यानं गाडीतलं बटणच शिकवून घेतलं होतं.

कानिफनाथ तिच्याकडेच बघत होता. त्याला बोलायला वेळ लागला.

"घ्या," तो म्हणाला. "झडती."

शब्द फाटके होते, पण कळले. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाटल्या सापडत नव्हत्या. दहाव्याला आलेल्या सगळ्या पाव्हण्यांसमोर ह्याच माणसानं विजयमालाची ट्रंक अंगणात उपडी केली होती. साड्या, परकर, लग्नातले फोटो, सगळं मातीत. पाटल्या त्यात नव्हत्या. कुठं गेल्या ते कधीच कळलं नाही. त्या दिवशी तिनं भागवतला सांगितलं होतं, हा माणूस या घरात आला की मी घराबाहेर. आणि भागवतनं मान हलवली होती.

आता तो टोमणा मारत होता की माफी मागत होता, हे त्याच्या त्या वाकड्या तोंडावरून समजायला मार्ग नव्हता.

गाडीतून पिशवी आणून तिनं बनुबाईच्या हातात दिली. बनुबाईला एकटीला त्याला कुशीवर वळवता येईना, म्हणून तिनं खांदा धरला. पाठीवरच्या जखमा पाहिल्या. पावडर बनुबाईनं लावली. विजयमालानं फक्त धरून ठेवलं, आणि कानिफनाथानं तोंड भिंतीकडे केलं ते ती जाईपर्यंत वळवलं नाही.

संध्याकाळी भागवत आला तेव्हा ती ओट्यावर बसली होती.

"साकुरीला सगळे बरे?" त्यानं विचारलं.

"पुणतांब्याला बरे आहेत. पाठ चिघळलीय त्यांची. पाण्याची गादी लागेल."

भागवत उभा होता तसाच खाली पायरीवर बसला. चपलेचा अंगठा चाचपत राहिला.

"तू होच म्हणाली नसतीस," तो म्हणाला.

"विचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

खरं तर तिलाही आपण काय म्हणालो असतो ते सांगता आलं नसतं. कदाचित नाहीच म्हणाली असती. पण ते म्हणायची संधी तरी तिची होती. आठ-दहा दिवस मी काय काय बघितलं डोळ्यांपुढं, हे त्याला सांगावं असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, नको. त्यालाही काहीतरी ठाऊक नसू दे.

दिवाळीनंतर कानिफनाथाला राहात्याला आणलं. घरात नाही. पेरूच्या पॅकिंग शेडला लागून एक खोली होती, तिथं. ते विजयमालानंच ठरवलं. बनुबाईही आली. विजयमाला दोन वेळचं जेवण पाठवते, कधी स्वतः नेते. ती गेली की कानिफनाथ छताकडे बघतो. दोघांत अजून बोलणं झालेलं नाही. भागवत मात्र हलका झालाय, जेवताना पुन्हा भाजीवर बोलतो.

निकिता एकदा म्हणाली, "आई, आता तरी तुझा जीव भांड्यात पडला ना? पप्पांनी काही वाईट तर केलं नव्हतं."

"वाईट नव्हतं केलं," विजयमाला म्हणाली. "पण तोंडावर हसून 'कोपरगावला गेलो होतो' म्हणाले. इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं, त्यांना इतकं चांगलं खोटं बोलता येतं."

परवा भागवत राहुरीला बाग बघायला निघाला. कुणाची बाग, किती एकर, कोण सोबत आहे, परत कधी येणार, हे सगळं त्यानं न विचारताच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि डबा दिला. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर ती रस्त्यापर्यंत चालत गेली, आणि हातातलं सूप झटकल्यासारखं करत, गाडी कोणत्या बाजूला वळते ते बघत उभी राहिली.