गजराला येणारी भोवळ

आनंदा गावकराच्या अंगात रवळनाथ येतो, हे करी रोडच्या त्या अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त रवळनाथाला, असं त्याच्या बायकोचं, कमलचं म्हणणं. पण बायकोचं ऐकतो कोण? देव पाव्हणा आला की घरची बाई भटारखान्यात, ही रीत जुनीच.

शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये भजन असायचं. जगदीशबुवा गजर चढवत न्यायचे आणि आनंदाचा पखवाज त्यांच्या मागे धावायचा. डाव्या हाताची थाप जोरात पडू लागली की आनंदाचे डोळे फिरायचे, मान कलंडायची, जीभ जड व्हायची. झालं! बुवा टाळ खाली ठेवायचे, बायका पदर सावरून पुढे सरकायच्या, पोराची नोकरी आणि पोरीचं लग्न देवापुढे मांडायच्या. आनंदा "होऽऽ" असं काहीतरी पुटपुटायचा. तो कौल समजून लोक त्याच्या पाया पडायचे. आणि घरी आल्यावर त्याचा मुंग्या आलेला, गार पडलेला हात कमल चोळत बसायची. देवाचं सगळं सगळ्यांना, हात तेवढा तिच्या वाट्याला.

"देव अंगात येता तर हात कशाक बधिर होता?" तिनं एकदा विचारलंच.

"गप रव गो. देव काय हलको आसा?"

कमलनं कपाळाला हात लावला.

दिवाळीच्या साफसफाईत मात्र देवानं हद्द केली. आनंदा डावखुरा. स्टुलावर चढून डाव्या हातानं पंखा घासत होता. ना टाळ, ना गजर, आणि तरी तो डोळे फिरवून आडवा झाला. पलंग जवळ होता म्हणून डोकं वाचलं. शुद्धीवर येऊन म्हणतो कसा, "देव खय पण येता." कमलनं त्याला सरळ टॅक्सीत कोंबलं आणि परळच्या एका हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर केझिया परेरा इथल्याच मातीतल्या, मराठी फर्डं. त्यांनी उजव्या हाताचं प्रेशर घेतलं, मग डाव्या हाताचं, मग पुन्हा डाव्याचं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता. डाव्या मनगटाची नाडी तर बोटाला जेमतेम लागत होती. मग कमलकडून शनिवारच्या भजनाचं ऐकून त्या म्हणाल्या, "काका, या टेबलावर तुमचा गजर वाजवा बघू. जोरात." आनंदाला काय, आग्रह लागतच नाही. घटकाभरात टेबलावरच त्याचे डोळे फिरले आणि सिस्टरनं त्याला धरलं.

"बघा! इथे कुठलो देव इलो?" कमल कडाडली.

"डॉक्टरांकडे येवक देवाक बंदी आसा काय?" डोकं जागेवर येताच आनंदा म्हणाला. रागावं की हसावं, कमलला कळेना. ती रागावली.

मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "चाळीत खालच्यानं मोटर लावली की वरच्याचा नळ कोरडा पडतो, आठवतं ना? डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी गळपट्टीच्या हाडामागे आखडलीय. हात राबायला लागला की त्याला रक्त पुरत नाही. मग तो मेंदूकडे चाललेलं रक्त मानेतूनच खाली ओढून घेतो. म्हणून भोवळ. आज पलंगावर पडलात, उद्या जिन्यात पडाल. अर्धांगाचा झटकाही येऊ शकतो. फुग्यानं वाट रुंद करून आत जाळी बसवू."

"नको," आनंदा म्हणाला आणि उठून बाहेर पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसला.

कमल मागोमाग गेली. संताप तिच्या नाकाच्या शेंड्यावर होता. "मरायचो विचार आसा काय?"

तो चपलांकडे बघत म्हणाला, "हात बरो झालो आणि देव येवचो बंद झालो तर?"

"तर बरा झाला!"

"तुका बरा." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "गिरण बंद पडल्यापासून माका कोण इचारी? माळ्यावरच्या ट्रंकेसारखो पडलेलो. आता लोक पायाक हात लावतत गो."

कमलला भडभडून आलं आणि त्याचाही तिला रागच आला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस भोळा आहे. त्याला सगळं कळत होतं. कळूनही तो दर शनिवारी मरणाच्या तोंडावर थाप मारत होता, कशासाठी, तर कुणीतरी वाकावं म्हणून!

येणारे-जाणारे बघत होते. बघेनात का! तिनं पदर खोचला, भर पॅसेजमध्ये गुडघे टेकले आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. डोकं ठेवलं म्हणजे आपटलंच.

"घ्या! रोज सकाळी पडान पाया. जित्या नवऱ्याच्या. फोटोक हार घालूचो नाय माका."

आनंदानं पाय मागे ओढून घेतले. "डॉक्टरांका सांग जा," तो म्हणाला.

"आधी माका उठवा. गुडघो धरल्यान."

त्यानं घाईघाईनं हात पुढे केला.

"डावो नको, मेल्या! उजवो!"