नागुबाईचे कापलेले कडे

मी एक जुने पितळी कडे आहे. सध्या उदगीरच्या एका सभागृहात काचेच्या पेटीत ठेवलेले आहे. मित्रांनो, माझ्या एका बाजूला सोन्याच्या पुतळ्यांची माळ आहे, दुसऱ्या बाजूला चांदीचे गोठ आहेत. अशांच्या शेजारी बसून स्वतःविषयी बोलायला मला धीर होत नाही. पण मनात एक भीती घर करून आहे. ती सांगायची तर आधीचेही सांगावे लागेल.

मुखेडजवळच्या एका गावात, ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. त्याने फुटकी भांडी वितळवली आणि तो रस मातीच्या साच्यात ओतला. मी जाड, जड आणि ओबडधोबड निघाले. मला घातले ते नागुबाईच्या हातात. ती तेव्हा लहान मुलगी होती. तिच्या वस्तीतल्या बायकांनी चांदी घालायची नाही, पितळच घालायचे, असा गावाचा दंडक होता. नुसता हात दिसला तरी बाई कोणत्या वस्तीतली ते कळावे, म्हणून. मी दागिना होते की नुसती खूण, हे मला आजही ठरवता येत नाही.

नागुबाईचा हात वाढला. मी वाढणार कसे? पुढे मी निघेनासे झाले. ज्वारी काढताना, भाकरी थापताना मी तिच्या हाडावर आपटत असे.

मग एकदा वस्तीत सभा झाली. परगावाहून आलेल्या कार्यकर्त्याने बाबासाहेबांचा निरोप सांगितला: ज्या दागिन्यांवरून लोक तुम्हाला हिणवतात, ते अंगावरून उतरवा. नागुबाई घरी आली आणि नवऱ्यासमोर, केरबासमोर, हात पुढे करून बसली.

"काढा हे."

"निघतंय व्हय ते? हात सोलून निघंल तुझा."

"मग कापा."

केरबाने लोहाराकडून कानस मागून आणली. कातडी वाचावी म्हणून माझ्याखाली ओले फडके सरकवले आणि मला घासायला सुरुवात केली. कानस सारखी निसटत होती. कापलेल्या जागी वाकड्यातिकड्या रेघा उठल्या. अखेर त्याने माझी दोन्ही टोके फाकवली आणि मी जमिनीवर पडले. नागुबाई बराच वेळ मनगट चोळत बसली. मला मात्र तिने फेकले नाही. चिंधीत बांधून घरातल्या पेटीत ठेवले.

त्या पेटीत माझी पुष्कळ वर्षे गेली. नागुबाईनंतर पेटी तिच्या नातीकडे, महामायाकडे आली. महामाया मुखेडला अंगणवाडीताई होती. आता ती स्वतःच आजी झाली आहे. तिची नात तनुजा दागिने घडवते, पण सराफाच्या दुकानात मिळतात तसले नाहीत. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींमधली तांब्याची तार सोडवून ती गळ्यातल्या माळा विणते. उदगीरला जुन्या आणि नव्या दागिन्यांचे प्रदर्शन भरणार होते. त्यात तिची माळ ठेवायचे ठरले, तेव्हा तिला माझी आठवण झाली.

"आजी, ते पेटीतलं कडं दे ना."

"माझ्या आजीनं अंगावरून उतरवलेलं, ते तू लोकायला दाखवणार व्हय?" महामाया म्हणाली.

तनुजाने पिच्छा सोडला नाही. शेवटी महामायाने मला बाहेर काढले. "ने. पण कुणाच्या हातात घालायचं न्हाई." का, ते तिने सांगितले नाही. मला कापून काढले होते, हे तनुजाला ठाऊकच नव्हते. पेटीत पडून मी मोडले असेन, असे ती धरून चालली.

मांडामांड चालू असताना माणिकप्पा सराफ तिथे आले. तनुजाची तारेची माळ हातात घेऊन म्हणाले, "पोरी, ही गळ्यात घातल्यावर बटन कुठं दाबायचं?" सगळे हसले. तनुजाही हसली, पण तिचे कान लाल झाले. तेवढ्यात प्रदर्शन भरवणाऱ्या हणमंतराव गुरुजींची नजर माझ्यावर गेली.

"हे मोडकं मांडलं तर लोक म्हणतील, गुरुजी भंगारवाल्याकडं जाऊन आले."

"आणा इकडं," माणिकप्पा म्हणाले. "टोकं दाबून, डाक लावून जोडून देतो. चीर कुठं होती ते तुम्हालाबी सापडणार न्हाई."

तनुजा घुटमळली. आणखी एक थट्टा ऐकायची तिची तयारी नव्हती. "द्या करून, काका," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, दुकानात माणिकप्पांनी मला चिमट्यात धरले. डाक नीट बसावी म्हणून बारीक कानशीने माझे एक टोक घासून स्वच्छ केले. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हते. केरबाच्या कानशीच्या वाकड्या रेघा बघता बघता गेल्या आणि तिथे आरशासारखी चकाकी आली. मला ओरडावेसे वाटत होते. पण पितळ ओरडणार कसे? त्यांनी गॅसची ज्योत पेटवली.

तिकडे सभागृहात महामाया मुखेडहून एसटीने नातीचे प्रदर्शन पाहायला आली होती. माझी जागा रिकामी दिसताच तिने तनुजाला विचारले आणि तिला घेऊन तशीच दुकानात आली.

"थांबा! काय करून राहिले तुम्ही?"

"जोडून देतो, अक्का. मोडलंय न्हवं."

"मोडलं न्हाई. माझ्या आजीनं हट्टानं कापून घेतलंय ते."

माणिकप्पांनी ज्योत बंद केली. हातातल्या कानशीकडे पाहून ते म्हणाले, "एक टोक तर घासलं की मी, अक्का."

तनुजा रडू लागली. "आजी, तू मला सांगितलंच नाहीस कधी."

"लाज वाटायची, बाई," महामाया म्हणाली. तिने मला पदराने पुसले आणि माघारी आणले.

आता मी काचेच्या पेटीत चीर समोर करून ठेवलेले आहे. महामाया शेजारी खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याला माझी हकीकत सांगते. काल शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीने विचारले, "आजी, एवढा राग होता तर फेकून का नाही दिलं?"

"मी बी इचारलं व्हतं आजीला. ती म्हणली, फेकलं तर लोक म्हणतील, हरवलं. कापलंय हे दिसाय पाहिजे."

मुलगी काचेला नाक लावून माझ्या चिरेकडे पाहत राहिली.

हे प्रदर्शन आता लातूरला जाणार आहे, असे गुरुजी सांगत होते. तिथे महामाया बरोबर असेल की नाही, कोण जाणे. नवे हात मला उचलतील. ती माणसे भलीच असतील, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. चोर दिसला की लोक सावध होतात. प्रेमाने घासायला आलेल्याला कोण अडवणार? मित्रांनो, जुन्या वस्तूवर एखादी चीर, एखादा पोचा, एखादा काळा डाग दिसला, तर तो पुसण्याआधी तिच्या माणसांना एकदा विचारा. माझे एक टोक अजून खरखरीत आहे.