बसलेली बाई

त्या मंगळवारी झारियानं बसलेली लाकडी बाई वाळूत पुरली. अर्नेस्टीन खोलीतून बाहेर आली ती डोळे पुसत, पण हसत. मला म्हणाली, "विल्मा, पोरीनं आईला माती दिली गं. एकदाची दिली."

मलाही भरून आलं. आमच्या कामात असा दिवस फार वाट बघायला लावतो. मी मनातल्या मनात येशूचे आभार मानले आणि तिच्यासाठी कॉफी ओतली. ती कॉफी तिनं तशीच ठेवली. निवून तिच्यावर साय आली तरी कपाकडे तिचं लक्ष नव्हतं, आणि तिच्या त्या बसण्याकडे माझं नव्हतं.

झारिया आठ वर्षांची. तिच्या आईला नशेच्या त्या पांढऱ्या भुकटीनं नेलं. यंग्सटाउनच्या आमच्या दक्षिण भागात एखादीच गल्ली असेल जिनं ते पाहिलं नाही. शाळेतून आलेल्या झारियाला आई न्हाणीघरात फरशीवर पडलेली सापडली. आजी ओपल कामावरून परतली तेव्हा पोर आईच्या छातीला कान लावून पडली होती. आजीनं उचललं तेव्हा रडली नाही, ओरडली नाही. त्या दिवसापासून तिच्या तोंडून शब्द गेला तो गेलाच.

ओपल तिला दर मंगळवारी आमच्याकडे आणायची. पूर्वी दातांच्या डॉक्टरचा दवाखाना होता त्या घरात आमचं मुलांच्या मानसोपचाराचं केंद्र आहे, आणि मागच्या खोलीत वाळूचा ट्रे. लाकडी, पसरट, तळ निळा रंगवलेला, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसावं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर शेकडो बाहुल्या: नवरी, पोलीस, सिंह, शवपेटी, मोडकी गाडी, देवदूत. मूल येतं, हवं ते उचलतं आणि वाळूत आपलं जग मांडतं. आपण बसायचं. विचारायचं नाही, हात लावायचा नाही. मूल गेल्यावर फोटो काढायचा आणि मग एकटीनं, सावकाश, ते जग उतरवायचं, एकेक बाहुली परत फळीवर ठेवायची. मुलाच्या देखत कधीच नाही.

ओपलला हे काही केल्या पटत नसे. ती म्हणायची, मी हिला भरवते, न्हाऊ घालते, रविवारी तीन तास बसून मणी ओवून वेण्या घालते, आणि ही येऊन तुमच्या वाळूत जीव रमवते. "वाळू तर माझ्या अंगणातही आहे, मिस अर्नेस्टीन. मांजर रोज येऊन थेरपी करून जातं." अर्नेस्टीन पोट धरून हसायची. म्हणायची, मिस ओपल, वाळू निमित्त आहे. औषध मी आहे. मी बसते ना, ते.

हा गर्व नव्हता. हे काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना ती हेच शिकवायची, आणि काय शिकवायची! घाबरलेल्या लेकराचा बोलण्याचा मेंदू दुकानाची फळी लावून घेतो. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक पहारेकरी असतो, तो तेवढा जागा राहतो. त्याला शब्द कळत नाहीत. तो शेजारच्या माणसाचा श्वास बघतो, गळ्यातला सूर ऐकतो, डोळ्यांभोवतीचे बारीक स्नायू बघतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवतो की इथे जीव सुरक्षित आहे की नाही. म्हणून तुमचा श्वास संथ असेल तर लेकराचं शरीर तो उसना घेतं. दर आठवड्याला थोडा थोडा, असं करत एक दिवस स्वतःचा कमावतं.

मुलींचे चेहरे कोरे राहिले की ती आमच्या रेव्हरंडचा दाखला द्यायची. रेव्हरंड टिस्बी प्रवचन गातात. गातात म्हणजे पहिल्या वाक्यापासून नाही. आधी खालच्या पट्टीत, घरी येऊन बोलल्यासारखं. लोकांचा श्वास बसेपर्यंत थांबतात. कुणी म्हातारी "हो, बाबा" म्हणते, त्या "हो"वर ते पुढचं वाक्य ठेवतात. ऑर्गनवाला हळूच खालून सूर धरतो, वाक्यं लांबत जातात, आणि मग ते कधी गायला लागले हे कुणालाच सांगता येत नाही, कारण तोवर सगळं चर्च एकाच छातीनं श्वास घेत असतं. "एकटा माणूस तिथवर जाऊ शकत नाही," अर्नेस्टीन म्हणायची. "कुणाला तरी आधी शांत होऊन वाट बघावी लागते. ते काम आपलं."

झारियासाठी ती तशीच बसायची. ट्रेच्या कडेला, एका बुटक्या तिवईवर, मांडीवर हात ठेवून, ओठ मिटून एखादं भजन गुणगुणत. सगळ्या हिवाळ्यात झारियानं एकच गोष्ट न चुकता केली. काहीही मांडायच्या आधी फळीवरून एक लाकडी बाई आणायची. बाहुलीघरातली जुनी, रंग उडालेली, खुर्चीवर बसवायला गुडघ्यांत वाकवलेली. ती ट्रेच्या काठावर ठेवायची आणि मगच वाळूला हात लावायची. फेब्रुवारीत एका मंगळवारी अर्नेस्टीन गुणगुणत होती आणि वाळूच्या बाजूनं दुसरा एक सूर आला. बारीक, नाकातला, किंचित बेसूर. झारिया गुणगुणत होती. ओपलला सांगितलं तेव्हा ती बाहेरच्या खुर्चीवर पर्स कवटाळून रडली. आम्हाला वाटलं, आता शब्द फार लांब नाही.

मार्च उजाडला आणि अर्नेस्टीनचा मुलगा कॉर्डेल गेला. ट्रक चालवायचा. मोठ्या रस्त्यावर बर्फ होतं, ट्रक घसरला. एकुलता एक. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मी मॅकरोनीचं पातेलं वाढत होते आणि ती लोकांना आग्रह करत होती. तुम्ही अजून घ्या, केक घेतला का, चिकन राहिलंय. तेव्हाच मला भीती वाटली होती.

ती लवकर कामावर आली. मी म्हटलं, सिस्टर, थोडी थांब. ती म्हणाली, "त्या पोरीची आई न सांगता गेली. मी पण न सांगता मंगळवार चुकवू? बाकीच्यांना देऊ दे नव्या तारखा. तिला नाही." मला वाटलं, देवानंच तिला उभं केलंय.

झारिया येत राहिली. गुणगुणणं थांबलं होतं. अर्नेस्टीन म्हणाली, होतं असं, मुलं एक पाऊल मागे घेतात. लाकडी बाई काठावरून ट्रेच्या आत आली, मग वाळूत आडवी झाली, आणि मग त्या मंगळवारी पुरली गेली. प्रत्येक फोटो आम्ही दोघींनी शेजारी बसून पाहिला. मरण पाहिलेलं मूल कुणाला पुरतं हे आम्हाला ठाऊक होतं. हजारदा वाचलेलं, शिकवलेलं होतं.

नव्या मुलींच्या वर्गासाठी ओपलच्या परवानगीनं खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा असे. एका दुपारी आम्ही दोघी वर्गात दाखवायचा तुकडा निवडायला बसलो. अर्नेस्टीनला पुरण्याचाच दाखवायचा होता. तिची एक पद्धत होती, तिनंच आम्हा सगळ्यांना लावलेली: पहिल्यांदा बघताना आवाज बंद, आणि मुलाकडे बघायचंच नाही. फक्त बसलेल्या बाईकडे बघायचं. दुसऱ्यांचे कितीतरी तुकडे तिनं असे पाहिले होते. मुलगा गेल्यापासून स्वतःचा एकही नाही.

मी आवाज बंद केला.

पडद्यावर ती तिवईवर बसली होती. चेहरा शांत, हसू जागच्या जागी, हात मांडीवर. एखाद्या पुस्तकात छापावं असं. पण छाती हलत नव्हती. बघत राहिलं तरी हलेना, आणि मग एकदम खांदे उचकटल्यासारखा एक श्वास यायचा, की पुन्हा सगळं बंद. ओठ मिटलेले, गळ्यात काही नाही. मुलाकडे बघायचं नाही हा नियम माझ्याकडून मोडला. झारियानं मान वर केली होती. ती अर्नेस्टीनच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. छातीकडे बघत होती. बघता बघता तिचाही श्वास थांबला. मग तिनं हातानं खड्डा केला, बसलेली बाई त्यात निजवली, वाळू लोटली, थोपटली. आणि खाली वाकून त्या वाळूला कान लावला.

फोटोत यातलं काहीच नव्हतं. फोटो पोर गेल्यावरचा.

"आवाज लावू नकोस," अर्नेस्टीन म्हणाली. "परत दाखव."

मी परत दाखवलं. मग ती म्हणाली, "ती तिची आई नाही, विल्मा. तिची आई कधी बसलीच नाही इथे. मी बसते."

मी काहीबाही बोलले. की आपण घाई करतोय, की एका बाहुलीत दोन माणसं असू शकतात. तिनं ऐकून घेतलं. ती ऐकून घेणारीच.

"दर मंगळवारी," ती म्हणाली, "मी त्या लेकराला हात धरून परत त्या न्हाणीघरात नेऊन बसवलं. आणि वर बाहेर येऊन तुला सांगितलं की बरं चाललंय."

मी म्हटलं, सुट्टी घे, बरी हो, मग परत बस तिच्यासमोर. ती म्हणाली, तोवर काय सांगू तिला? इथे राहिले तर तिच्या लेखी मी मेलेली. गेले तर सोडून गेलेली. "यातलं कमी वाईट कुठलं ते तू सांग. मी देवाला विचारून थकले. तो सध्या माझ्याशी बोलत नाही."

मी बाहेर आले. गाडीत बसून खूप प्रार्थना केली. मलाही कुणी काही सांगितलं नाही.

निरोपाच्या मंगळवारी मी सोबत होते, कारण पुढे झारिया माझ्याकडे यायची होती. अर्नेस्टीन तिवईवर बसली नाही, जमिनीवर बसली. म्हणाली, "बाळा, माझा मुलगा वारला. मी तुला सांगितलं नव्हतं, पण तुला कळलं होतं, हो ना? तुझं काही चुकलं नाही. तुला बरोबर ऐकू आलं. मी जिवंत आहे, पण माझ्यात आत्ता तुला द्यायला श्वास नाही गं. मिस विल्माकडे आहे. ती बसेल तुझ्याजवळ."

झारिया सगळं ऐकत होती. वेण्यांच्या टोकांचे मणीसुद्धा हलले नाहीत. मग ती उठली, फळीवरून बसलेली बाई घेतली आणि वाळूत पुरली. या वेळी कान लावला नाही. हात झटकून दाराशी उभी राहिली, आजीची वाट बघत.

ती गेल्यावर ते जग उतरवायचं काम अर्नेस्टीनचं होतं. तिनं वाळूवर हात धरला आणि तो तिथेच राहिला. खाली जाईना. शेवटी मी उकरलं. बाईच्या गुडघ्याच्या खाचेत वाळू अडकली होती, ती मी ब्रशनं काढली आणि तिला फळीवर जागेवर ठेवलं. ती अजून तिथेच आहे. झारियानं पुन्हा तिला हात लावला नाही. कुठल्याच बाहुलीला लावला नाही. ती येते, दोन्ही तळव्यांनी वाळू सपाट करते, निळा तळ कुठेही दिसणार नाही अशी, आणि वेळ संपेपर्यंत त्या सपाट वाळूकडे बघत बसते. मी तिवईवर बसते आणि श्वास घेते. मंगळवारची सकाळ मी गुडघ्यांवर काढते, की प्रभू, हा श्वास खरा असू दे. तिला खोटा लगेच कळेल. पण खरा ठेवायचा म्हणून घेतलेला श्वास खरा कसा असेल, हे कोडं मला सुटत नाही. आणि मला न सुटलेलं तिला दिसतं, हे मी तिच्या खांद्यांवरून ओळखते.

ओपल आता वाळूवरून टोमणे मारत नाही. गेल्या आठवड्यात कोट चढवता चढवता एवढंच म्हणाली, की गुणगुणायची ना, तेवढंच परत ऐकू आलं असतं तरी चाललं असतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी रेव्हरंड टिस्बींनी येशूच्या रिकाम्या कबरीवर प्रवचन केलं. दगड कुणी सरकवला, असं त्यांनी खालच्या पट्टीत विचारलं, थांबले, पुन्हा विचारलं. पंखे हलत होते. ऑर्गननं सूर धरला. माणसं उभी राहिली, मी उभी राहिले, आणि ते गायला लागले तेव्हा माझ्याही छातीतलं ओझं क्षणभर उचललं गेलं. का खोटं सांगू? माझा त्या सुरावर विश्वास आहे. माझ्यापुढे दुसऱ्या रांगेत अर्नेस्टीन बसून होती. सगळं चर्च उत्तर देत होतं आणि तिचे ओठ मिटलेले होते.

प्रवचन संपल्यावर लोक एकमेकांना कवटाळत होते तेव्हा झारिया आजीचा हात सोडून दुसऱ्या रांगेत गेली. अर्नेस्टीनला वाटलं मिठी मारायला आली. तिनं हात पसरले. पण पोरीनं मिठी मारली नाही. तिनं हात खाली सोडलेले ठेवले आणि डोकं आडवं करून अर्नेस्टीनच्या छातीला कान लावला.

अर्नेस्टीननं माझ्याकडे पाहिलं. ती श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती हे मला दिसत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवला तसा, पोटापासून, सावकाश. तो गळ्यापर्यंत आला आणि तिथेच तुटला. तिनं पुन्हा घेतला. पुन्हा तुटला. ऑर्गनवाला शेवटचं भजन वाजवत होता, लोक कोट शोधत होते, आणि ती पोर हलली नाही. बराच वेळ ऐकत राहिली.

मग तिनं कान काढला आणि आजीकडे परत गेली. ओपलनं वाकून विचारलं, काय गं, काय झालं? झारियानं तिचा हात धरला आणि दाराकडे ओढलं.

मंगळवारी ती आली. तिनं वाळू सपाट केली.