चालू इंजिनासमोर

कुन्सुलूने लाल कांड्या डोक्यावर फुली करून धरल्या आणि विमान जागेवर थांबलं. इंजिनं अजून घोंघावत होती. ती थंडावल्याशिवाय कुणी पुढे सरकायचं नाही, हे या विमानतळावर नव्याने लागलेल्यालाही पाठ असे.

तरीही बोलात्खान धावत आला. कुन्सुलूच्या हाताखालच्या, सामान चढवणाऱ्या टोळीतला सगळ्यांत शांत माणूस. हातात चाकाला लावायचा लाकडी ठोकळा. विमान ओढायच्या ट्रॅक्टरवरून त्याने चालक रशितला कॉलर धरून खाली खेचलं आणि ठोकळा सरळ थोबाडात हाणला. बर्फावर रक्त सांडलं.

कुन्सुलूने गळ्यावरून हात फिरवून वैमानिकाला इंजिन बंद करायची खूण केली आणि धावत सुटली. दोघं एकमेकांना ओढत, लाथा घालत पंखाखाली पोचले होते. रशितची टोपी उडाली आणि इंजिनाच्या तोंडात गडप झाली.

"सोड त्याला!" ती किंचाळली.

"माझ्या भावाचा हात या ट्रॅक्टरखाली चिरडला याने! वर म्हणतो, तोच प्यायलेला होता!"

"मी नाही म्हणालो!" रशित रक्त थुंकत ओरडला. "तसं लिहिलेल्या अहवालावर सही कुन्सुलू आपाची आहे! विचार तिला!"

बोलात्खानला ऐकू गेलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. त्याने रशितला आणखी इंजिनाकडे ढकललं. कुन्सुलूने ट्रॅक्टरवरची पहार उचलली आणि बोलात्खानच्या नडगीवर घातली. एकदा. दुसऱ्या घावाला हाड मोडल्याचं तिला हातात जाणवलं. तो कोसळला. तिने दोघांनाही फरफटत मागे आणलं.

इंजिनं थंडावल्यावर बोलात्खान कण्हत म्हणाला, "आपा, सही तुमची?"

"माझीच. ट्रॅक्टरचे ब्रेक लागत नाहीत, असं रशित त्या दिवशी सकाळीच सांगत होता. आजचा दिवस काढ, म्हणाले मी."

पोलिसांनी विचारलं तेव्हा बोलात्खान म्हणाला, "घसरलो."

"खोटं बोलतोय," कुन्सुलू म्हणाली. "पाय मी मोडला. याच्या भावाचा हातही माझ्यामुळेच गेला. तो प्यायलेला नव्हता. लिहा सगळं."

तिची नोकरी गेली. खटला उभा राहिला. पहिल्या तारखेआधी ती बोलात्खानच्या घरी गेली. दार त्याच्या भावाने डाव्या हाताने उघडलं. कुणी शिवी दिली नाही, बसही म्हटलं नाही. म्हाताऱ्या आईने तेवढा दूध घातलेला चहा ओतला, पाहुण्याने लवकर उठावं म्हणून ओततात तसा, वाडगं काठोकाठ भरून.

कुन्सुलू उभ्यानेच तो प्यायली आणि निघाली.