पायाळू मुलीची लाथ

भाताची लावणी उरकली, की मिरजोळ्यात दमयंतीच्या पायांना काय तो मान येई! ती पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. पायाळूची लाथ बसली की कंबरेची उसण उतरते, असं सारा गाव मानी. दिवसचे दिवस चिखलात वाकलेल्या बाया तिच्या अंगणात पालथ्या पडत, ती हसत हसत टाच मारी आणि शाळेत ऐटीनं सांगे, "मी अर्धी डॉक्टरीण आहे!"

त्या वर्षी हौसा आली. दमयंतीच्या बाबांच्या, आत्मारामपंतांच्या, शेतात राबणारी.

"बाय गो, अवंदा जरा जोरान मार. पाठीत खिळा ठोकल्यावानी झालाय."

दमयंतीनं जोरानं मारली. कट्! हौसा ओरडलीसुद्धा नाही. उठली, तेव्हा तिचा डावा पाय मागे घसटत होता.

त्या दिवसापासून तो आवाज दमयंतीच्या मागे लागला. वर्गात बाईंचा खडू मोडला, कट्! आईनं चुलीपुढे काटकी मोडली, कट्! टाचेखाली सदा कुणाची तरी पाठ आहे असं वाटून ती बोटांवर चालू लागली.

आणि चारच दिवसांनी, काय म्हणावं! सुनेच्या, गंगाच्या, खांद्यावर भार टाकून हौसा पुन्हा दारात. राग नाही, तक्रार नाही. आपणहून पालथी झाली.

"एक डाव आणखी मार गो. मागल्या खेपेला लाथ आडवी बसली आसंल."

बाबा ओटीवरून म्हणाले, "मार गो. बेणणी तोंडावर आलीये, तण काढायला माणूस उभं राहायला हवं."

"नाही! नाही मारणार!" दमयंती पाय पोटाशी घेऊन मटकन खाली बसली. "बाबा, हिला रत्नागिरीला दवाखान्यात न्या!"

"या लोकांच्या पाठी असल्याच. वाकायचंच काम त्यांचं."

तेव्हा मथुराआत्या, बाबांची थोरली बहीण, तांदूळ पाखडायचं सूप बाजूला सारून उठली. "आत्माराम, तुझा ढवळ्या बैल लंगडला तेव्हा त्याला का नाही रे पोरीची लाथ मारवलीस? गुरांच्या डॉक्टराला गाडी पाठवलीस! बैलाला औषध, आणि हौसाला लाथ?"

गंगा तोंडाला पदर लावून हसली. बाबांची मान खाली गेली. "गाडी जोडा," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी पाठ तपासली. "मणक्याचं दुखणं जुनं आहे, लाथेनं वाढलं. इतकी वर्षं आणलं का नाही?"

"कोन आननार?" हौसा म्हणाली. "नि खाडा झाला तर खानार काय?"

पाय वाचेल, पण लावणीला ती पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दमयंती बाहेर येऊन भिंतीशी रडली.

परतताना बाबांनी काशीरामच्या घराशी गाडी थांबवली. त्यांचाच गडी, कंबर धरून पायरीवर बसलेला.

"उद्या दवाखान्यात जायचंय. खाडा मी भरून देईन."

"दवाखाना कशाला? तुमची बाय हाय ना, लाथ मारंल की!"

"माझ्या मुलीला शाळा आहे," बाबा म्हणाले. "तू उद्या गाडीत बस."

बंधुभगिनींनो, आपल्या पानातला भात कुणीतरी वाकून लावलेला असतो. दुखणं त्याच्या अंगात असतं, पण दवाखान्याची वाट पुष्कळदा दुसऱ्याच कुणाच्या दारात अडलेली असते. ती आपल्या दारात तर अडली नाही ना, एवढं आधी पाहा!