घाटमाथ्यावरच्या चौघी

चैत्र घाटमाथ्यावर आला तो ज्वाळांचा शेला पांघरून. पानांवाचून पेटलेले पळस, रक्तवर्णी पांगारे, उन्हात वितळणारं आकाश. आणि खोल खाली, निळ्याजांभळ्या धुरकटीच्या तळाशी, अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखं पहुडलेलं कोकण.

त्या माथ्यावर सावली नव्हती. मिठाच्या गोण्या वाहणारे बैल तिथवर येत आणि फेसाळलेल्या तोंडांनी थांबत. लेकुरवाळ्या बाया तिथवर येत आणि तापल्या कातळावर मटकन बसत. वर उन्हाचा कढ, खाली कातळाचा कढ, आणि मध्ये माणूस.

म्हणून बेलकुंडच्या राणीनं, लखमादेवीनं, तिथे एक विश्राममंडप बांधायला काढला. काळ्या पाषाणाचा, चहूबाजूंनी वाऱ्याला मोकळा. दर्शनी चार स्तंभ, आणि चारही स्त्रीरूप.

"दमून आलेल्याला आधी बाई दिसू दे," राणी म्हणाली होती.

ते काम मल्लोजाकडे आलं. मल्लोज म्हणजे साठी ओलांडलेला स्थपती. ज्याच्या छिन्नीखाली पाषाण नवनीत होई, ज्याच्या बोटांना दगडाच्या अंतरंगातली नाडी कळे. दोन वर्षं तो खपला. दोन वर्षांनी चार अप्सरा उभ्या राहिल्या. क्षीणकटी, कमलनयना, नृत्याच्या त्रिभंगी पवित्र्यात. कमानदार मान एका बाजूला कललेली, मस्तकी शतदल मुकुट, मुकुटाची एकेक पाकळी अशी कोवळी की भुंग्यानं फसावं.

एका सकाळी पहिल्या अप्सरेच्या मस्तकावर छताची दगडी तुळई उतरवली.

कट्ट!

एवढासाच आवाज झाला. सुकल्या काटकीचा होतो तेवढाच. अप्सरेच्या कानामागून गळ्यापर्यंत केसासारखी बारीक रेघ उतरली, आणि मुकुटाच्या पाकळ्या टपटप खाली आल्या. तुळईला लाकडी टेकू होते म्हणून कुणाला खरचटलंही नाही. पण माथ्यावरचे साठ हातोडे एका क्षणात मुके झाले.

"दगडच खोटा निघाला," चांगोज म्हणाला. चांगोज हा मल्लोजाचा थोरला शिष्य.

"दगड खरा आहे," मल्लोज म्हणाला. "मी खोटा."

आणि तो खाली बसला. या छताखाली उद्या शेकडो माणसं विसावणार होती. निर्धास्त, डोळे मिटून, लेकरं कुशीत घेऊन. त्या मिटल्या डोळ्यांवर हे छत उतरलं असतं तर? दुपार झाली, भाकरी आली, भाकरी गार झाली. मल्लोज त्या केसाएवढ्या रेघेकडे पाहतच राहिला.

अशात देमाई आली.

देमाई ओढ्याकाठच्या भट्टीवरून चुना वाहून आणणारी. तिशीची, सावळी, दोन लेकरांची आई. दिवसातून वीस वेळा ती तो चढ चढे, आणि विसाव्या वेळीही तिची चाल पहिल्या वेळेसारखीच असे. तडकलेल्या अप्सरेपुढे ती थबकली. डोक्यावर चुन्यानं भरलेली पाटी तशीच. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि ती हसली. झऱ्यानं अकस्मात कातळ फोडावा तशी खळखळून हसली.

"का हसतेस?" मल्लोजानं विचारलं. त्याच्या आवाजात राग यायला हवा होता. तेवढं बळ उरलं नव्हतं.

"हसू नको तर काय करू, बाबा? बाईच्या डोक्यावर डोंगर दिलात, आणि वर तिला नाचायला सांगितलंत!"

मल्लोजानं मान वर केली.

"मग कशी उभी राहील ती?"

"अशी," देमाई म्हणाली. आणि ती नुसती उभी राहिली.

नुसती उभी राहिली. आणि साठ वर्षांच्या त्या डोळ्यांवरून पडदा सरकला.

दोन्ही पावलं भुईला बिलगलेली. एक गुडघा ताठ, दुसरा किंचित सैल, जणू पुढचं पाऊल त्यात झोपून राहिलं होतं. पाठीचा कणा ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ. हनुवटी जराशी उचललेली, नजर दूर, क्षितिजाच्या काठावर टेकलेली. डोक्यावरून घेतलेला पदर मानेच्या दोन्ही बाजूंनी खांद्यांवर ओघळलेला. आणि मस्तकावर, पाटीखाली, जुन्या लुगड्याची गोल वळलेली चुंबळ.

"मुकुटावर ओझं राहतं होय?" ती म्हणाली. "टोचतं ते. चुंबळ लागते. आणि मान अशी कलली की ओझं मानेतच घर करतं. त्याला थांबू द्यायचं नाही, बाबा. जाऊ द्यायचं खाली. पाठीतून, टाचेतून, भुईत."

"आणि हात?"

"हात मोकळे. पोर आलं धावत, तर?"

मल्लोज उठला. तो तिच्याभोवती फिरला. एकदा, दोनदा, देवळाभोवती फिरावं तसा. त्याला दिसलं की दगडाची मान जिथे बारीक पडते, तिथेच हा पदर तिला दोन्हीकडून जाडी देतो. त्याला दिसलं की चुंबळ टोचत नाही, भार पसरून घेते. जे तो शास्त्रात शोधत होता ते त्याच्यासमोरून दिवसातून वीस वेळा चढ चढत होतं.

"बाबा, माझा चुना वाळतोय," देमाई हळूच म्हणाली.

तेव्हा त्या वृद्ध स्थपतीनं दोन्ही हात वर केले, आणि तिच्या डोक्यावरची पाटी स्वतः उतरवून घेतली.

चांगोजाला हे रुचलं नाही. "गुरुजी, देवींनी अप्सरा सांगितल्या होत्या. या तर मजुरणी!"

"देवी 'बाई' म्हणाल्या होत्या, चांगोजा. अप्सरा मी ऐकलं."

मग नव्या शिळा आल्या. दुपारच्या विसाव्यात देमाई येऊन उभी राही, रिकामी नव्हे, पाटी घेऊन. कारण ओझं नसलं की पाठ खोटं बोलते, हे तिनं मल्लोजाला सांगितलं होतं. तिच्यामागून तिच्यासारखीच पाटी वाहणारी एल्हाई आली, दातांत पदर धरून लाजत. जाड भुवयांची काळाई आली, कुणावर तरी रागावल्यासारखी. बोणाईला सहावा महिना होता. ती म्हणाली, "माझं नका घडवू, बाबा, पोट दिसेल." मल्लोज म्हणाला, "दिसू दे."

श्रावणात छिन्नीवरून पाणी ओघळलं, आश्विनात तिच्यावर सोनेरी ऊन पडलं, पौषात गारठलेली बोटं शेकोटीवर शेकली गेली. आणि काळ्या शिळांतून बाया हळूहळू वर येत गेल्या, जशा डोहातून न्हाऊन वर येतात. खांदे आले. पदर आले. चुंबळीचे पीळ आले. शेवटी डोळे आले. चौघींचे वेगळे, चौघींचे दूर पाहणारे.

वैशाखात छत चढलं. आता फक्त टेकू काढायचे होते.

त्या सकाळी लखमादेवी पालखीतून माथ्यावर आली. गावं लोटली. मल्लोज एकटाच मंडपात शिरला आणि बरोबर मधोमध, छताच्या साऱ्या भाराखाली, उभा राहिला. आणि गर्दी बाजूला सारून देमाई आत आली आणि त्याच्याशेजारी उभी राहिली.

"बाहेर हो, पोरी."

"का? तुम्हाला या शिळेतल्या बायांचा भरवसा नाही?"

"मला माझा नाही."

"मग माझा धरा," देमाई म्हणाली.

चांगोजानं घण उचलला. पहिला टेकू निसटला. दुसरा निसटला. तिसऱ्याला छतातून बारीक धूळ झरझर झरली, मल्लोजाच्या पांढऱ्या केसांवर, देमाईच्या काळ्या केसांवर. चौथ्याला पाषाणातून एक खोल, दीर्घ, घुमणारा हुंकार आला. मल्लोजानं डोळे घट्ट मिटले.

हुंकार विरला. भार खाली गेला. पाठीतून, टाचेतून, भुईत.

आणि छत उभं होतं!

मग जो जल्लोष उठला त्यानं खालच्या दरीतले राव्यांचे थवे उडाले. चांगोजानं घण टाकला आणि धावत येऊन गुरूचे पाय धरले. मल्लोज रडत होता, हसत होता, धुळीनं माखलेले हात कुणाकुणाच्या खांद्यावर ठेवत होता.

लखमादेवी सावकाश पायऱ्या चढली. एकेकीपुढे थांबली. चौथीच्या गोल पोटावर तिनं तळहात ठेवला.

"ही कोण?"

"ती बोणाई," देमाई म्हणाली, आणि गर्दीत कडेवर लेकरू घेऊन उभ्या असलेल्या बोणाईकडे तिनं बोट दाखवलं. "आणि ते तिच्या कडेवर आहे ना, तेच या पोटात आहे."

राणी हसली.

"ह्यांना उभं राहायला तू शिकवलंस?"

"शिकवलं कुठं, देवी? मी नुसती उभी राहिले."

राणी त्या नव्या, थंडगार फरशीवर खाली बसली, रेशमी निऱ्या आवरून तिनं शेजारी जागा केली आणि म्हणाली, "मग आज बस."

देमाई बसली. एल्हाई बसली, काळाई बसली, लेकराला मांडीवर घेऊन बोणाई बसली. आणि मग काळाईच, ती रागीट भुवयांची काळाई, फिस्सकन हसली. हसू एकीकडून दुसरीकडे गेलं, दुसरीकडून साऱ्यांकडे गेलं. कुणी कुणाचा हात धरला कोण जाणे, पण फुगडी सुरू झाली. बांगड्या किणकिणल्या, पदर सुटले, चुन्यानं पांढरी झालेली पावलं काळ्या फरशीवर चक्राकार उमटत गेली. हळदी, तांबडी, मोरपंखी लुगडी एकमेकींत मिसळली, वारा मिसळला, श्वास मिसळले, आणि राणीनं टाळ्यांचा ठेका धरला.

बाहेर वैशाखाचं ऊन कातळावरून सरकत, सरकत मंडपाच्या पहिल्या पायरीपर्यंत आलं; आणि तिथेच थांबलं.