विहिरीतले नऊ वाढदिवस

जगाचं हवापाणी कुणी बिघडवलं यावर मी चहाच्या गाड्यापाशी उभा राहून तासभर बोलू शकतो. त्यात माझं नाव कुठंच येत नाही. येळ्ळूरच्या आमच्या घरामागच्या परड्यातल्या विहिरीचं मात्र तसं नाही. तिथं माझं नाव येतं. फोटोसकट, चार बाय सहा फुटांत.

माझी बहीण पूर्णिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. सव्वा महिना होत आला तशी राजाबाई आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, म्हणाली, "शुक्रवारी विहीर पुजायची."

आमच्यात बाळंतीण विहिरीवर पाच खडे मांडते, हळदकुंकू वाहते आणि पहिली घागर शेंदते. मगच बाळ-बाळंतीण घरच्या पाण्याची झाली, असं धरतात.

"नळ पुजला तर?" मी विचारलं.

"नळाला पाणी आठ दिसानं येतंय. तवर पोरगी चालाय लागंल."

नळ आल्यापासून विहिरीकडं कुणी फिरकत नव्हतं, मी सोडून. दरवर्षी माझ्या वाढदिवसाला पोरं चौकात फ्लेक्स लावायची. दुसऱ्या दिवशी त्याचं करायचं काय? जाळला तर वास येतो. उकिरड्यावर टाकला तर कुणीतरी धुऊन नेऊन माझ्या तोंडावर मिरच्या वाळत घालतं. विहीर कुणाला काही सांगत नाही. म्हणून नऊ वर्षं मी गुपचूप जाऊन स्वतःला विहिरीत ढकलत आलो.

बुधवारी सकाळी भरमूअण्णांकडं गेलो. गावात कुणाची घागर विहिरीत पडली की गळ टाकून तेच काढतात.

"काय पडलंय रं?"

"मी."

अण्णांनी मला वरून खाली बघितलं आणि खुंटीवरचा गळ काढला. दुसरा प्रश्न विचारला नाही. असा माणूस शेजारी मिळायला पुण्य लागतं. माझं नव्हतं, घराण्याचं असणार.

पहिल्यांदा सत्ताविसावा वाढदिवस लागला. गॉगल, जोडलेले हात, 'युवकांचे आशास्थान'. मग सव्विसावा. गळ जसा खाली जाईल तसा मी तरुण होत चाललो. तेविसाव्याला मिशी गेली. विसाव्याच्या आधी 'निसर्गमित्र' वर आला. त्या वर्षी आम्ही एक रोप लावलं होतं आणि त्याचे तीन फ्लेक्स. रोप महिन्यात वाळलं. फ्लेक्सचा रंगसुद्धा उडाला नव्हता.

वाटेनं माणसं जात होती. माझ्या लक्षात आलं, अण्णा प्रत्येक फ्लेक्स पालथा घालतायत.

एवढ्यात पूर्णिमा बाळाला घेऊन आली. तिनं एक कोपरा उचलून बघितला आणि परत ठेवला.

"अण्णा, हे किती वर्सं टिकतंय ओ?"

"हिच्या नातवाच्या लग्नात मांडवाला घालाय येतंय."

तिनं बाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हिशेब लावला. ही मोठी होणार, हिची लेक पाण्याला वाकणार, आणि मी मेलेला असूनही तळाला हात जोडून हसत असणार, गॉगल लावून. ती विचारणार, हा कोण देव आणि यानं केलं काय? पहिल्याचं उत्तर कुणाला माहीत नसणार. दुसऱ्याचं तळाला पडलेलं असणार.

"आत्तीला सांगू नको गं," मी म्हणालो.

"मला काय सांगायचं ऱ्हायलंय?" मागून आत्ती. "पयलाच टाकताना बघितलंतं तुला. म्हटलं, कवातरी लाज वाटंल. नऊ वर्सं वाट बघत बसलो. म्हंजे माजंबी हाय त्यात." आणि तिनं पदर खोचून गाळाची बादली ओढली.

दोन दिवस आम्ही गाळ काढला. अण्णा खाली पायरीवर, मी वर दोराला, आत्ती दोघांना नावं ठेवायला. गुरुवारी दुपारी अण्णा खालनं ओरडले, "अरं, झरा जित्ता हाय!"

मी खाली उतरून हात लावला. कपारीतून बोटाएवढं पाणी येत होतं, गार. नऊ वर्षं माझं तोंड छातीवर घेऊनसुद्धा ते आटलं नव्हतं. मी त्याला नमस्कार केला. फ्लेक्सवर करतो तसा नाही, खरा.

"प्यायचं न्हाय इतक्यात," अण्णा म्हणाले. "चारदा उपसायचं, मग तपासून आणायचं. तवर झाडास्नी घाल."

फ्लेक्स कुठं ठेवायचे, हा प्रश्न उरला. सगळं जग फिरून मला जागा सुचेना.

"तुजं हाय, तुज्यापाशी ठेव," आत्ती म्हणाली. ते आता गुंडाळून माझ्या कॉटखाली आहेत. मी माझ्या नऊ वाढदिवसांवर झोपतो. कूस बदलली की करकरतात.

शुक्रवारी पूर्णिमानं पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि पाण्याचा अंदाज घ्यायला विहिरीत वाकली.

"काय दिसतंय गं?"

"मी," ती म्हणाली. मग आत्तीच्या हातातून बाळाला घेतलं, घट्ट धरलं आणि परत वाकली. "आता दोघी."

"तूबी बघ की रं," अण्णा म्हणाले.

मी मागंच थांबलो. त्या विहिरीनं माझं तोंड पुष्कळ बघितलंय. पूर्णिमानं शेंदलेली घागर मात्र मी तिच्याकडून मागून घेतली आणि परड्यातल्या मिरच्यांना घातली. एक थेंब सांडला नाही.